छेद लहान, निर्णय मोठा

कंबरदुखीने बेजार झालेला माणूस डॉक्टरांसमोर येऊन बसतो, तेव्हा त्याच्याकडे बहुधा दोन गोष्टी असतात. एक एमआरआयची मोठी पिशवी आणि दुसरी मोबाइलवर आलेली एखादी जाहिरात. पिशवीतल्या अहवालात ‘चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली डिस्क बाहेर आली असून नस दबली आहे’ अशा अर्थाचे वाक्य असते. जाहिरातीत ‘बिनटाक्याची शस्त्रक्रिया, पूर्ण भूल नाही, रक्तस्राव नाही, सकाळी ऑपरेशन आणि संध्याकाळी घरी’ असे आश्वासन असते. हे दोन्ही एकदा वाचले की शस्त्रक्रिया करायची हे घरात ठरूनच गेलेले असते. मग चर्चा उरते ती दुर्बिणीने करावी, लेसरने करावी की सुईने, आणि पैसे किती लागतील, एवढीच.

ही चर्चा चुकीची नाही, पण तिचा क्रम चुकला आहे. पद्धत कोणती, हा तिसरा प्रश्न. दुखणे खरोखर त्या डिस्कमुळेच आहे का, हा पहिला. शस्त्रक्रियेची गरज आहे का आणि ती आत्ताच आहे का, हा दुसरा. आणि चौथा प्रश्न, जो जवळजवळ कोणीच विचारत नाही, तो म्हणजे शस्त्रक्रिया कोणाच्या हातून. गेल्या काही दशकांत या विषयावर जगभरात चांगल्या दर्जाच्या चाचण्या झाल्या आहेत. त्या एकत्र वाचल्या तर निष्कर्ष असा निघतो की रुग्णाचा निकाल त्वचेवरच्या छेदाच्या लांबीपेक्षा बाकीच्या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर जास्त अवलंबून असतो.

गादी ‘सरकते’ म्हणजे काय?

कमरेत पाच मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये जी चकती असते तिला बोलीभाषेत गादी म्हणतात. तिच्या बाहेरच्या बाजूला चिवट तंतूंचे एकावर एक थर असलेले कडे असते आणि आत मऊ, ओलसर गर. ‘गादी सरकली’ असे म्हणण्याची पद्धत असली तरी प्रत्यक्षात गादी जागची हलत नाही. कड्याला चीर पडते, त्यातून गर बाहेर येतो आणि शेजारून पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूला टेकतो. या गरामुळे मज्जातंतूवर नुसता दाब येत नाही, रासायनिक दाहही होतो. म्हणून कळ कमरेपेक्षा पायात अधिक जाणवते. ती नितंबातून मांडीच्या मागून पोटरीत आणि तिथून पावलापर्यंत उतरते. खोकताना, शिंकताना, वाकताना ती वाढते. पायाला मुंग्या येतात, एखादा भाग बधिर होतो. यालाच सायटिका म्हणतात.

कमरेतल्या अशा डिस्कपैकी ९० टक्क्यांहून अधिक डिस्क सर्वांत खालच्या दोन जागी सापडतात. कारण सरळ आहे. शरीराचा भार आणि वाकण्याची हालचाल या दोन्हींचा सर्वाधिक ताण तिथेच येतो.

इथे एक गोष्ट रुग्णांना सुरुवातीलाच स्पष्ट सांगायला हवी. बाहेर आलेला गर काढण्याची शस्त्रक्रिया, मग ती कोणत्याही पद्धतीची असो, पायातल्या कळेसाठी असते. निव्वळ कंबर दुखते आणि पायात काहीच उतरत नाही, अशा माणसाला तिचा फायदा होईल याची खात्री देता येत नाही. शस्त्रक्रियेनंतर ‘कंबर तशीच दुखते’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी अनेकांना ही गोष्ट आधी कोणी सांगितलेलीच नसते.

अहवालाला आजार समजू नये

अमेरिकेत १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले गेले. त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२ टक्के लोकांच्या किमान एका डिस्कला फुगवटा होता. २७ टक्क्यांच्या अहवालात डिस्क पुढे आलेली होती. या लोकांना काहीच त्रास नव्हता. २०१५ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात वेदना नसलेल्या विशीतल्या तरुणांपैकी सुमारे ३७ टक्क्यांच्या डिस्कमध्ये झीज आढळली. ऐंशीच्या वयात हे प्रमाण ९६ टक्के होते.

केस पांढरे व्हावेत तशी गादी झिजते. त्यामुळे अहवालात काही तरी लिहिलेले असणारच. ते दुखण्याचे कारण आहे का, हे ठरते ते रुग्णाला तपासून. डाव्या पायात कळ आहे, पाय सरळ उचलला की ती वाढते, अंगठा वर उचलण्याची ताकद कमी झाली आहे आणि एमआरआयमध्येही त्याच मज्जातंतूजवळ डाव्या बाजूला गर दिसतो, असे सगळे जुळले तर निदान पक्के. कळ उजवीकडे आणि डिस्क डावीकडे असेल, तर त्या डिस्कला हात लावून काय साधणार? रुग्णाच्या पायाला हातोडी न लावता, सुईने संवेदना न तपासता, केवळ फिल्म उजेडासमोर धरून शस्त्रक्रियेची तारीख मिळत असेल, तर तिथून उठून दुसऱ्या डॉक्टरांकडे जाणे शहाणपणाचे.

शरीर स्वतः काय करते?

बाहेर आलेला गर पुष्कळदा आपोआप आक्रसतो. शरीर त्याला परका समजते, त्याच्यावर पेशी धावून जातात आणि तो हळूहळू शोषला जातो. गंमत अशी की जितका मोठा तुकडा बाहेर पडलेला, तितकी तो विरघळण्याची शक्यता अधिक. उपलब्ध अभ्यासांच्या एका आढाव्यात पूर्ण सुटून पडलेले तुकडे सुमारे ९६ टक्के रुग्णांत कमी झालेले दिसले, तर नुसता फुगवटा असलेल्यांत हे प्रमाण १३ टक्केच होते. अहवालातला ‘खूप मोठी डिस्क’ हा शब्द त्यामुळे वाटतो तितका भीतिदायक नाही.

पण वाट किती पाहावी? नेदरलँड्समध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेले २८३ रुग्ण होते. चिठ्ठी टाकावी तसे त्यांचे दोन गट केले गेले. एका गटावर लवकर शस्त्रक्रिया करायची, दुसऱ्या गटाने औषधे, व्यायाम आणि धीर यांवर पुढे जायचे आणि सहन झाले नाही तर नंतर शस्त्रक्रिया करायची. एक वर्षानंतर दोन्ही गटांत सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे झाल्याचे सांगत होते. फरक पडला तो वेगात. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना बरे वाटायला साधारण चार आठवडे लागले, थांबलेल्यांना बारा. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे शस्त्रक्रिया करावीच लागली, म्हणजे ६१ टक्क्यांची टळली.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. कॅनडामध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चार ते बारा महिने सायटिका सोसलेले १२८ रुग्ण होते. त्यांच्यात सहा महिन्यांनंतर शस्त्रक्रिया झालेल्यांच्या पायातली कळ दहापैकी २.८ होती, न झालेल्यांची ५.२. म्हणजे सुरुवातीचे सहा आठवडे घाई करू नये. पण चार महिने होऊनही कळ तशीच असेल, तर ‘आणखी थांबून पाहू’ म्हणत वर्ष घालवण्यातही हशील नाही.

थांबण्याच्या काळात काय करावे, याबद्दलही गैरसमज आहेत. पंधरा दिवस फळीवर पडून राहण्याचा सल्ला आजही घरोघरी मिळतो. १९९९ मध्ये सायटिकाच्या १८३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत दोन आठवडे अंथरुणात काढलेल्यांना हिंडत्याफिरत्या रुग्णांपेक्षा काडीचाही जास्त फायदा झाला नाही. ‘नसांची गोळी’ म्हणून सर्रास दिले जाणारे प्रीगॅबालिन हे औषध ऑस्ट्रेलियातल्या २०१७ च्या चाचणीत सायटिकाची कळ कमी करू शकले नाही, चक्कर मात्र वाढवून गेले. (हे औषध सुरू असेल तर ते मनाने अचानक बंद करू नये, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करावे.) सोसेल तेवढे चालणे, वेदनाशामक गोळ्या मोजक्या दिवसांसाठी, प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम आणि काही निवडक रुग्णांत मज्जातंतूच्या मुळाशी स्टेरॉइडचे इंजेक्शन, एवढाच हा मार्ग आहे. इंजेक्शनचा आराम बहुधा तात्पुरता असतो, पण तेवढ्या काळात शरीराला आपले काम करायला उसंत मिळते.

जिथे थांबायचे नाही

काही लक्षणांत मात्र एक दिवसही घालवू नये. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर होणे, दोन्ही पायांतली शक्ती एकदम कमी होणे. ही कण्याच्या शेवटच्या मज्जातंतूंच्या जुडग्यावर मोठा दाब आल्याची खूण असते. तातडीने, शक्यतो पहिल्या एक-दोन दिवसांतच दाब काढला नाही तर लघवीचा त्रास आयुष्यभराचा होऊ शकतो. अशा वेळी लहान छेदाची शस्त्रक्रिया कुठे मिळेल हे शोधत शहरे पालथी घालू नयेत. मोकळ्या छेदाने का होईना, जवळच्या मोठ्या रुग्णालयात ती ताबडतोब होणे महत्त्वाचे. चालताना पाऊल उचलले न जाणे, पायातली चप्पल आपोआप निसटणे आणि ही कमजोरी दिवसागणिक वाढत जाणे, हेही लवकर दाखवण्याचे कारण आहे.

पद्धती आणि त्यांतला फरक

बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन सर्जननी १९३४ मध्ये डिस्क फाटल्याने मज्जातंतू दबतो हे शोधनिबंधातून मांडले आणि या शस्त्रक्रियेचे युग सुरू झाले. तेव्हा छेद मोठा, स्नायू खूप सोडवलेले आणि हाडही बरेच काढलेले असे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात शस्त्रक्रियेच्या खोलीत सूक्ष्मदर्शक आला आणि चित्र बदलले. आजच्या पद्धती ढोबळमानाने दोन कुळांत मोडतात. पहिल्या कुळात सर्जन बाहेर आलेला तुकडा डोळ्यांनी पाहून काढतो. दुसऱ्यात तो तुकडा दिसत नाही. सुईने गादीच्या मध्यभागी जाऊन आतला दाब कमी केला जातो. जाहिरातींत ही दोन्ही कुळे एकाच नावाखाली विकली जातात. गोंधळाचे मूळ तिथे आहे.

पहिल्या कुळातली सर्वांत प्रस्थापित पद्धत म्हणजे मायक्रोडिसेक्टॉमी. साधारण एक इंचाचा छेद, सूक्ष्मदर्शकातून मिळणारे मोठे आणि उजळ दृश्य, थोडेसे हाड आणि पडदा बाजूला करून तुकडा काढणे. बहुतेक रुग्णांना पूर्ण भूल लागते आणि एक-दोन दिवसांत घरी जाता येते. बाकीच्या पद्धतींची तुलना आजही हिच्याशीच होते.

ट्यूबमधून केली जाणारी शस्त्रक्रिया १९९० च्या दशकात रूढ झाली. यात स्नायू कापून सोडवण्याऐवजी एकात एक बसणाऱ्या नळ्या घालून त्याचे तंतू फक्त बाजूला सारतात आणि साधारण पावणेदोन सेंटिमीटरच्या नळीतून काम करतात. आत करायचे काम तेच असते.

पूर्ण एंडोस्कोपिक पद्धतीत आठ मिलिमीटरच्या आसपासच्या छेदातून कॅमेरा आणि अवजारे एकाच नळीने आत जातात. आतला भाग सलाइनने सतत धुतला जातो. हिच्यात दोन वाटा आहेत. एक पाठीच्या बाजूने, मज्जातंतू जिथून बाहेर पडतो त्या नैसर्गिक छिद्रातून. ही जागा बधिर करून, रुग्ण जागा असताना करता येते. मज्जातंतूला धक्का लागला तर रुग्ण लगेच सांगतो, हा तिचा मोठा फायदा. वयस्कर, हृदयविकार असलेल्या किंवा पूर्ण भूल धोक्याची असलेल्या रुग्णांना ती सोयीची पडते. पण सर्वांत खालच्या गादीपर्यंत या वाटेने जाताना कंबरेचे हाड आड येते. म्हणून तिथे मागच्या बाजूची दुसरी वाट धरावी लागते आणि तेव्हा बहुधा पूर्ण भूल दिली जाते. ‘भूल नाही’ हे आश्वासन त्यामुळे सर्वांसाठी खरे ठरत नाही. अलीकडे दोन छिद्रांची एंडोस्कोपीही वाढते आहे. एकातून कॅमेरा, दुसऱ्यातून अवजारे. सांध्याच्या दुर्बिणीची सामग्री तिला चालते, म्हणून लहान रुग्णालयांनाही ती परवडू शकते.

दुसऱ्या, म्हणजे सुईच्या कुळात लेसर, रेडिओलहरी आणि ओझोन येतात. गादीतला थोडा गर जाळून, आक्रसवून किंवा त्यात वायू सोडून दाब कमी करायचा, ही कल्पना. कडे शाबूत आहे आणि नुसता फुगवटा आहे अशा थोड्या रुग्णांतच तिला अर्थ आहे. कड्याबाहेर सुटून पडलेल्या तुकड्यापर्यंत ती पोचतच नाही. या कुळाचा इतिहासही बोलका आहे. पपईच्या चिकातल्या कायमोपपेन या विकराचे इंजेक्शन १९६० च्या दशकात गादीत देऊन पाहिले गेले. ते गर विरघळवते म्हणून १९८२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि त्याचा मोठा गाजावाजा झाला. काही रुग्णांत जीवघेणी ॲलर्जी आणि मज्जारज्जूचे नुकसान दिसल्यावर त्याचा वापर ओसरला आणि अखेर तिथली विक्रीही थांबली. नवे म्हणजे चांगलेच, असे मानणाऱ्यांनी ही पपईची गोष्ट लक्षात ठेवावी.

लेसरची तुलना नेहमीच्या शस्त्रक्रियेशी नेदरलँड्समध्ये ११५ रुग्णांत झाली. वर्षअखेर दोन्ही गटांची दैनंदिन कामांची क्षमता जवळपास सारखी होती, पण लेसर झालेल्यांत पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागणाऱ्यांचे प्रमाण दुपटीहून अधिक होते. म्हणजे पहिल्या खर्चात जी बचत दिसली ती अनेकांच्या बाबतीत दुसऱ्या खर्चात गेली.

आमनेसामने तुलना काय सांगते?

पहिल्या कुळातल्या पद्धतींमध्ये श्रेष्ठ कोणती? २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच चाचणीत ३२८ रुग्णांना ट्यूब आणि नेहमीची मायक्रोडिसेक्टॉमी यांत विभागले होते. अपेक्षा अशी की स्नायूंना कमी इजा म्हणजे लवकर बरे होणे. निकाल उलटा आला. एक वर्षाने चांगले बरे झाल्याचे सांगणारे ट्यूबच्या गटात ६९ टक्के होते, नेहमीच्या गटात ७९ टक्के. पाच वर्षांनंतर दोन्ही गटांत लक्षणीय फरक उरला नाही. २०१४ मध्ये कॉक्रेन या संस्थेने अकरा चाचण्यांचा आढावा घेतला. त्यानुसार लहान छेदाच्या पद्धतींत जखमेचा संसर्ग कमी, पण पाय आणि कंबरेच्या वेदनेत मोकळ्या किंवा सूक्ष्मदर्शकाच्या शस्त्रक्रियेहून सरस निकाल नाहीत. झालाच तर किंचित कमी. फरक सगळेच लहान होते.

एंडोस्कोपीच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा २०२२ मध्ये आला. नेदरलँड्समधल्या चार रुग्णालयांत ६१३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत पाठीच्या बाजूने केलेली एंडोस्कोपी नेहमीच्या शस्त्रक्रियेपेक्षा कमी पडत नाही, हे सिद्ध झाले. वर्षअखेर पायातली कळ एंडोस्कोपीच्या गटात थोडी कमीच होती. म्हणून ‘दुर्बिणीचे सगळे थोतांड आहे’ असे म्हणणाऱ्यांचाही दावा टिकत नाही. योग्य रुग्णात ही चांगली शस्त्रक्रिया आहे.

पण या चाचणीतला एक तपशील जाहिरातीत कधी येणार नाही. हे तंत्र नव्याने शिकणाऱ्या सर्जनच्या सुरुवातीच्या १२५ रुग्णांचे निकाल मुख्य तुलनेतून वेगळे ठेवले होते. शिकण्याच्या काळातले आणि शिकून झाल्यानंतरचे काम एकाच तराजूत तोलता येत नाही, हे संशोधकांनी आधीच मान्य केले होते. एंडोस्कोपीची वाट अवघड आहे. दृश्य कॅमेऱ्यातून, अवजारांना जागा थोडी, दिशा क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहून ठरवायची. नवख्या हातात तुकडा अर्धवट राहू शकतो, मज्जातंतू दुखावू शकतो, आवरण फाटू शकते. प्रत्येक सर्जन कधी तरी नवखा असतोच आणि शिकल्याशिवाय पुढची पिढी तयार होणार नाही. मात्र शिकणे अनुभवी हाताच्या देखरेखीखाली व्हावे आणि रुग्णाला ते माहीत असावे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

कोणत्याही पद्धतीत काही धोके राहतातच. आवरणाला छेद जाऊन पाणी झिरपणे, संसर्ग, मज्जातंतूची इजा आणि त्याच जागी पुन्हा गर बाहेर येणे. शेवटची गोष्ट पद्धत बदलल्याने टळत नाही, कारण कड्याची चीर शिवली जात नाही. अंदाजे दर दहा ते वीस रुग्णांमागे एकाला पुढे कधी तरी पुन्हा शस्त्रक्रिया लागते. आणखी एक बाब. पहिल्यांदाच गादीचा गर बाहेर आलेला आहे आणि मणके अस्थिर नाहीत, अशा रुग्णाला स्क्रू आणि सळ्या घालून मणके जोडण्याची सरसकट गरज नसते. तसा सल्ला मिळाला तर कारण विचारावे आणि दुसरे मत घ्यावे.

रोजंदारीच्या माणसाचे गणित

परदेशी चाचण्यांचे निकाल इथे जसेच्या तसे लावताना एक मोठी गोष्ट निसटते. नेदरलँड्समध्ये आजारी कामगाराला दोन वर्षांपर्यंत मालकाकडून वेतनाचा बहुतांश भाग मिळतो. तिथल्या रुग्णाला ‘बारा आठवडे थांबा’ सांगणे सोपे आहे. डोक्यावर उसाची मोळी वाहणारी मजूर बाई, बाजार समितीतला हमाल, दिवसभर खड्ड्यांतून दुचाकी हाकणारा डिलिव्हरी करणारा तरुण यांच्यासाठी बारा आठवडे म्हणजे तीन महिन्यांचा बुडालेला रोज आणि सावकाराचे व्याज. शस्त्रक्रियेने वर्षअखेरचा निकाल बदलत नसला तरी दोन महिने लवकर कामावर जाता येत असेल, तर असा माणूस ती निवडतो तेव्हा तो अविचारी नसतो. त्याला उपदेशाऐवजी दोन्ही वाटांचा खरा हिशेब मिळायला हवा. त्या हिशेबात हेही यावे की शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे जड ओझे उचलता येत नाही.

दुसऱ्या टोकाला सरकारी रुग्णालयातली रांग आहे. तिथे थांबणे हा उपचार म्हणून निवडलेला नसतो, तो लादलेला असतो. पायातली शक्ती कमी होत चाललेला रुग्ण आणि स्थिर दुखणे असलेला रुग्ण एकाच यादीत उभे राहतात. मग ज्याला वाट पाहणे परवडणारे नाही तो दागिने मोडून खासगीत जातो आणि तिथे पहिली भेट होते ती ‘लेसरच्या पॅकेज’शी. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे पैसे भरण्याआधी योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. एवढी माहिती मिळाली तरी काही कुटुंबांचे कर्ज टळेल.

यावर उपाय आहेत आणि ते फार खर्चिकही नाहीत. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत सूक्ष्मदर्शकाची मायक्रोडिसेक्टॉमी सर्वत्र आणि वेळेत मिळाली पाहिजे. पुराव्याच्या कसोटीवर ती आजही कोणत्याही महागड्या पद्धतीच्या तोडीची आहे. ज्या विभागांकडे पुरेसे रुग्ण आहेत तिथे एंडोस्कोपीचे रीतसर प्रशिक्षण सुरू व्हावे, म्हणजे हे कौशल्य केवळ श्रीमंतांच्या वाट्याला येणार नाही. बाह्यरुग्ण विभागातच वाढती कमजोरी असलेल्यांची वेगळी यादी करावी आणि फिजिओथेरपी विभागात माणसे भरावीत, कारण थांबण्याचा सल्ला व्यायामाविना अपुरा आहे. स्वीडनमध्ये मणक्याच्या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंद १९९० च्या दशकापासून ठेवली जाते. रुग्णाला वर्षानंतर कसे आहे आणि पुन्हा शस्त्रक्रिया लागली का, हे त्यात लिहिले जाते. आपल्या राज्यात निदान सार्वजनिक पैशांतून होणाऱ्या शस्त्रक्रियांची तरी अशी नोंद व्हावी. आणि जाहिरातींबद्दल बोलायचे तर, जाहिरात करून रुग्ण मिळवणे डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेला मान्य नाही. २००२ च्या नियमांत ते स्पष्ट आहे. रुग्णालयाच्या नावाआड उभे राहून तेच केले जात असेल, तर वैद्यकीय परिषदेने डोळेझाक करू नये.

रुग्णाने विचारायचे प्रश्न

तोवर रुग्णाच्या हातात आहे ते विचारणे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने मांडलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत माहिती मिळवण्याचा, आपली कागदपत्रे मिळवण्याचा आणि दुसरे मत घेण्याचा हक्क नमूद आहे. तो वापरताना संकोच वाटायला नको. विचारायचे ते थोडकेच आहे.

माझी पायातली कळ आणि एमआरआयमधली डिस्क एकाच मज्जातंतूची आहेत का? शस्त्रक्रिया केली नाही तर पुढच्या तीन महिन्यांत काय होण्याची शक्यता आहे? तुम्ही बाहेर आलेला तुकडा पाहून काढणार की सुईने फक्त दाब कमी करणार? हीच पद्धत का, आणि ती जमली नाही तर त्याच वेळी दुसरी पद्धत वापरण्याची तयारी आहे का? या पद्धतीने तुम्ही आजवर किती शस्त्रक्रिया केल्या आणि किती जणांना पुन्हा टेबलावर यावे लागले? स्क्रू लागणार असतील तर कशासाठी? एकूण खर्च किती आणि त्यात काय धरलेले नाही?

जो सर्जन या प्रश्नांवर चिडत नाही, आकडा सांगतो आणि ‘तुम्हाला आत्ता शस्त्रक्रियेची गरज नाही’ असेही कधी म्हणू शकतो, त्याच्या हातात सूक्ष्मदर्शक आहे की एंडोस्कोप, याने फारसा फरक पडत नाही. पाठीवरचा व्रण एक इंचाचा राहिला की आठ मिलिमीटरचा, हे वर्षभराने घरच्यांनाही आठवत नाही. पाय उचलतो का, रात्री झोप लागते का, कामावर जाता येते का, हे मात्र रोज कळते. निवड करताना मोजायचे ते हेच.